माणसाच्या नकाशावर उत्तर दिशा

आमच्या घरमालकांच्या दवाखान्याला पाटी नव्हती. नारायण पेठेत ज्या दाराला पाटी नाही ते दार एक तर कायमचं बंद असतं किंवा कोर्टात असतं. पण काकांचं म्हणणं असं, की पाटी लावणं म्हणजे नाडी न बघता सुई टोचणं. "ज्याला गरज आहे तो विचारत येतो. विचारत येतो म्हणजे चालत येतो. चालत येतो म्हणजे निम्मा बरा झालेलाच असतो," असं सांगून ते क्षणभर थांबत आणि म्हणत, "चिनी म्हण आहे."

आतल्या खोलीतून काकूंचा आवाज येई, "ही म्हण काल तरी नव्हती."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून राहत होतो आणि एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो. देशाने दारं उघडली होती, पेठेत केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या आणि शेतात काचेच्या इमारती उगवत होत्या. काका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणं, कालवे आणि पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढणं हे त्यांचं काम. खातं कोणतं ते सांगत नाही, कारण खातं अजून आहे आणि नकाशेही तेच आहेत. पुढे तिथे संगणक आला. काकांचा ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला गेला, आणि थोड्याच दिवसांत काकाही. त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली, बोर्ड मागून घेतला आणि घरच्या पुढच्या खोलीत आणून त्याचं तपासणीचं टेबल केलं. त्यावर झोपणाऱ्या माणसाचं डोकं किंचित वर राहायचं, कारण बोर्डाचा उतार काही पूर्ण गेला नव्हता.

अ‍ॅक्युपंक्चर ते निवृत्तीपूर्वीच शिकले होते. रजा साठवून कोलंबोला गेले आणि महिनाभराचा अभ्यासक्रम करून आले. गेले श्रीलंकेला, पण परतले ते चीनहून. बिनदुधाचा चहा प्यायला लागले. उभ्या गळपट्टीचा एक रेशमी अंगरखा शिवून घेतला. कापड काकूंच्या जुन्या साडीचं होतं, त्यामुळे चीनच्या त्या गळपट्टीवर पैठणच्या कोयऱ्या होत्या. चीनमध्ये ते कधीच गेले नाहीत. "काशीला न जाता लोक गंगा पितातच की," ते म्हणत. ही मात्र चिनी म्हण नव्हती.

दवाखान्यातली मुख्य वस्तू म्हणजे भिंतीवरचा नकाशा. कोलंबोहून आणलेला रंगीत तक्ता काकांना पसंत नव्हता. रेषा जाड होत्या आणि अक्षरं सुमार. म्हणून त्यांनी स्वतः ट्रेसिंग पेपरवर पूर्ण उंचीचा माणूस काढला, त्यातून ऊर्जेचे बारा मार्ग नेले आणि त्यावर तीनशेहून अधिक बिंदू बसवले. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात 'मिळती दरी'. तळपायाला 'उसळता झरा'. टाळूवर 'शंभरांची सभा'. नावं मूळची चिनी, मराठी काकांचं, अक्षर खात्याचं. त्याच्या निळ्या छपाईवर खाली उजवीकडे शीर्षकाची चौकट होती, प्रमाण होतं, आणि माणसाच्या डाव्या कानाशेजारी उत्तर दिशा दाखवणारा बाण.

"माणसाला उत्तर दिशा कशाला?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"उत्तर दिशा दाखवली नाही तर नकाशा पास होत नाही," काका म्हणाले.

"पास कोण करणार?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की या माणसाला खोली भाड्याने दिली हे चुकलंच.

या शास्त्राचं मूळ ते फार रंगवून सांगत. फार पूर्वी चीनमध्ये एका सैनिकाच्या पायात बाण घुसला आणि त्याचा वर्षानुवर्षांचा दुखरा खांदा तिथल्या तिथे बरा झाला. दुसऱ्याला दुसरीकडे लागला, त्याची अर्धशिशी गेली. मग शहाण्या लोकांनी बाणाऐवजी दगडाची टोकं घासून घेतली, पुढे हाडाच्या सुया आल्या, पुढे काशाच्या, चांदीच्या. काकांच्या कथेतला सैनिक कधी कण्हत नसे. तो निरीक्षण नोंदवत असे.

"आणि जे बाण लागून मेले, त्यांचं काय दुखायचं थांबलं?" काकूंनी एकदा आतून विचारलं.

"तुमच्या आत्या," काका मला म्हणाले. त्या माझ्या कोणी नव्हत्या. काकूंचा राग आला की ते त्यांना दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर टाकून मोकळे होत.

मग पीतसम्राट येई. हा सम्राट आपल्या दरबारी वैद्याला प्रश्न विचारतो, वैद्य उत्तर देतो, आणि सम्राट ते ऐकून घेतो. त्या संवादातून सगळं शास्त्र उभं राहिलं. "सम्राट असून ऐकून घेतो, हे लक्षात घ्या," काका म्हणत. पेठेत हे कोणाला खरं वाटणं अवघडच होतं. आमच्याकडे प्रश्न विचारणाऱ्याजवळ उत्तर आधीच असतं. समोरच्याला ते येतं का, एवढंच त्याला बघायचं असतं.

मी इतिहासाचा माणूस. ग्रंथालयात चाळता चाळता मला एक गोष्ट सापडली, आणि ती काकांना सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. पुढच्या काळात एका चिनी सम्राटानेच दरबारच्या वैद्यशाळेतून या सुया हद्दपार केल्या होत्या. शतकाहून अधिक काळ त्यांना प्रतिष्ठित लोकांत कोणी विचारत नव्हतं. मग क्रांती झाली, एवढ्या मोठ्या देशाला डॉक्टर पुरेनात, तेव्हा त्याच सुया राष्ट्राचा ठेवा म्हणून कपाटातून बाहेर आल्या.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. अगदी पीतसम्राटासारखं. मग म्हणाले, "ज्याने बंद केल्या, त्या सम्राटाची नाडी कोणी बघितली होती का?"

नाडी हा त्यांचा अभिमानाचा विषय. दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून, एकदा हलकं आणि एकदा दाबून, ते डोळे मिटून बसत. नाडी तारेसारखी असते, बुडती असते, ताटलीत मोती घरंगळावेत तशी निसरडी असते. माझी तारेसारखी निघाली. मग जीभ. जीभ बघून ते म्हणाले, "तुमच्यात लाकूड जास्त आहे."

"म्हणजे?"

"पाच तत्त्वांतलं लाकूड. लाकूड म्हणजे यकृत आणि यकृत म्हणजे राग. तुम्ही दुसऱ्याचं म्हणणं ऐकता ऐकता खोडत असता. त्याने अर्धशिशी होते."

मला अर्धशिशी होती हे खरं. ती त्यांना जिभेवर दिसली की मी आदल्या आठवड्यात जिन्यात सांगितली होती, हे मी विचारलं नाही. त्यांनी अंगठ्याजवळच्या 'मिळत्या दरी'त सुई टोचली, ती किंचित फिरवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"आली का?"

"काय?"

"ची. ऊर्जा. जड वाटेल, झिणझिणेल, वर सरकल्यासारखं होईल."

पुणेरी माणूस भिडेखातर कशालाच हो म्हणत नाही, असा लौकिक आहे. पण सुई अंगात असताना माणूस फारसा वाद घालत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. मी म्हणालो, "आली." संध्याकाळपर्यंत डोकं थांबलं. ते नेहमीच संध्याकाळपर्यंत थांबतं.

काकांचा मूळ सिद्धांत एका वाक्याचा होता: "दुखतं तिथे टोचायचं नसतं." डोकं दुखलं तर हात, पाठ दुखली तर गुडघ्यामागे, खांदा दुखला तर नडगी. सुई नेहमी दुसरीकडेच. याची कारणं यिन आणि यांगपासून सुरू होत, पण समोरचा जांभया देऊ लागला की ते सरळ खडकवासल्यावर येत.

लोणी काळभोरचे एक रोपवाटिकेचे मालक कमरेची शीर धरली म्हणून आले होते. पालथे पडल्या पडल्या कळवळून म्हणाले, "सायेब, दुखतंय कंबरंपासनं टाचंपत्तोर, आन तुमी कानात काय टोचताय?"

"तुमच्या गावाला पाणी कुठून येतं?" काकांनी विचारलं.

"कालव्याचं. खडकवासल्याचं."

"आलं नाही तर तुमच्या शेतातला पाट उकरता का?"

"छ्या! वर बघाया लागतं. वरच्या अंगाला कुणीतरी दार पाडल्यालं आसतंय."

"मग झालं तर. शरीरात असे बारा कालवे आहेत. ची म्हणजे पाणी. ते तुंबलं की खाली दुखतं. मी वरचं दार उघडतो."

रोपवाटिकेचे मालक बोर्डावर पडल्या पडल्या विचार करत राहिले. मग म्हणाले, "हाय, बराबर हाय. पर सायेब, पाटकऱ्याला च्यापानी दिल्याबिगर दार उघडत न्हाय तितं. हितं कुनाला द्यायचं?"

आतून काकू हसल्याचा आवाज आला. काकांनी दुसरी सुई जरा जोरात टोचली असावी, कारण मालकांनी बोर्डाची कड घट्ट धरली.

याच नकाशावरून मी काकांना एकदा पेचात धरायचा प्रयत्न केला होता. खात्यातल्या गोष्टी सांगताना ते स्वतःच म्हणायचे, की कागदावर पाइप रस्त्याच्या डाव्या अंगाला असतो, खणल्यावर उजव्या अंगाला निघतो, आणि कधी कधी निघतच नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही आयुष्यभर बघितलंत, की नकाशातली लाइन जमिनीत नसते. मग माणसाच्या अंगातली असेल कशावरून?"

काका ताबडतोब म्हणाले, "हा नकाशा खात्याने काढलेला नाही."

एक ते चार दवाखाना बंद असे. यात नवल नाही, पेठेत सगळंच बंद असतं. पण बाकीचे लोक नुसते झोपतात, काकांच्या झोपेला मात्र शास्त्राचा आधार होता. चिनी मताने दिवसातले दोन दोन तास एकेका अवयवाचे असतात. दुपारी एक ते तीन लहान आतड्याचे. "आतडं कामात असताना मी दुसरं काम कसं काढू?" तीन ते चार कोणाचं, असं विचारल्यावर ते म्हणत, "मूत्राशयाचं. त्यात आपल्याला काय करायचंय?" हेच घड्याळ त्यांनी एका सॉफ्टवेअरवाल्या मुलाला समजावलं. तो अमेरिकेच्या वेळेने काम करणारा. मान आखडलेली, डोळे लाल. काका म्हणाले, "रात्री अकरा ते एक पित्ताशयाची वेळ. तेव्हा तुम्ही फोनवर बोलत असता. पित्त उसळणार नाही तर काय?"

"सर, बट क्लायंटचं पित्ताशय न्यू जर्सीत आहे," मुलगा म्हणाला. "तिथे तेव्हा लंच होतो."

ही मुलं हळूहळू वाढत गेली. आधी पेन्शनर येत, आता संगणकाने माना आणि मनगटं धरलेली पंचविशीतली मुलं मोटारसायकली लावायला जागा शोधत गल्लीत फिरू लागली. ज्या यंत्राने काकांचा बोर्ड भिंतीला टेकवला, तेच आता त्याच बोर्डावर माणसं आणून झोपवत होतं. काकांना यात मोठा न्याय दिसे. मला फक्त खराब खुर्च्या दिसत.

पण एका गोष्टीने त्यांच्या सगळ्या वैभवाला खालून ओल लागली होती. काकू सुई टोचून घेत नसत.

काकू मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. खोटं बोलत नसत. कोणाला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही, आणि त्यामुळे आमच्या गल्लीत त्यांना लग्नाच्या बोलण्यांना कोणी नेत नसे. सुया काचेच्या नळीत घालून उकळून द्यायचं काम मात्र त्या निमूट करत. पुढे वापरून टाकायच्या सुया आल्या तेव्हा त्यांचं तेवढं काम गेलं. काकांनी त्यांना समजावलं, आर्जवं केली, एकदा रागावून दोन दिवस दूध घातलेला चहा प्यायले. काकू म्हणत, "ते बारा मार्ग मला एकदा दाखवा. बेडूक कापून दाखवा, माझी हरकत नाही."

"मेल्यावर मार्ग दिसत नसतात."

"सोयीचं आहे," काकू म्हणत आणि भाजी फोडणीला टाकत.

काका रोज विचारत, "आज पाठ कशी आहे?" काकू सांगत, "जागेवर आहे." एखाद्याची मान वळली, की काका आतल्या दिशेने तोंड करून मोठ्याने म्हणत, "ऐकलंत का? मान वळायला लागली!" आतून उत्तर येई, "वाटाणे सोलून झालेत का?" ज्या खानावळीचा मालक शेजारच्या खानावळीत जेवतो, तिच्याबद्दल लोक जे बोलतात तेच काकांबद्दल बोलत. नवीन माणूस बोर्डावर आडवा होता होता हटकून विचारी, "काकूंना पण टोचता का हो?" काका म्हणत, "त्यांना कधी काही होतच नाही." तो माणूस उठून जात नसे, पण अंग चोरून घेई. शेकडो लोकांनी ची आल्याचं काकांना सांगितलं असेल. त्यांना ते एकाच माणसाकडून ऐकायचं होतं.

आणि मग ते कंपनीचं प्रकरण झालं. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतली एचआर खात्याची बाई काकांकडे आली. काकांच्या सुयांनी तिच्या मनगटाला उतार पडला होता. ती म्हणाली, "सर, आमचा वेलनेस डे आहे. यू मस्ट कम. अर्धा तास टॉक, मग लाइव्ह डेमो." शिवाय कंपनीत चीनहून काही इंजिनिअर कामासाठी आले होते. त्यांतल्या एकाची मान धरली होती.

काका त्या दिवशी लहान आतड्याच्या वेळेत जागे होते. चिनी माणूस! आजवर त्यांनी अख्खा चीन एकट्याच्या भरवशावर चालवला होता. आता खुद्द चीन त्यांच्याकडे मान दाखवायला येत होता. अंगरखा इस्त्रीला गेला. नकाशा गुंडाळून नळीत घातला. आणि काका काकूंना म्हणाले, "तुम्ही या." काकू गेल्या. मलाही नेलं, बहुधा साक्षीदार म्हणून.

सभागृहाच्या दाराशी फलक होता: कमळ, त्यावर पद्मासनातला तरुण, आणि इंग्रजीत 'प्राचीन भारतीय ज्ञान'. काका तिथेच थांबले.

"हे भारतीय नाही," ते म्हणाले.

"सर, इट्स ओके, ओव्हरऑल आपलंच आहे ना सगळं," बाई म्हणाली.

"आपलं नाही. आपलं असतं तर आपण त्यावरून दोन तट पाडले असते, कोणी टोचून घेतलं नसतं. चिनी लिहा, नाहीतर मी जातो."

हे मात्र मला आवडलं. पेठेतही आयुर्वेदातल्या मर्मस्थानांचा दाखला देऊन 'हे आपल्याकडूनच तिकडे गेलं' म्हणणारे पुष्कळ येत, आणि काका त्यांना विचारत, "मग सांभाळून का नाही ठेवलंत?" शेवटी बाईने 'भारतीय'वर एक कागद चिकटवला आणि त्यावर 'आशियाई' लिहिलं. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं मागे यायचं, याला त्या कंपनीत काहीतरी नाव होतं.

भाषण बरं झालं. खडकवासला झाला, बारा कालवे झाले, बाण लागलेला सैनिक झाला. पडद्यावर लावलेल्या नकाशातला उत्तर दिशेचा बाण बघून मुलं हसली, काकांना वाटलं भाषण रंगलं. मग चिनी इंजिनिअर मंचावर आला. विशीतला, चष्मा लावलेला, मान एकीकडे कललेली. काकांनी त्याला एका मुठीवर दुसरा तळवा ठेवून चिनी पद्धतीने नमस्कार केला. त्याने हात जोडून भारतीय पद्धतीने केला. त्यामुळे दोघांचंही चुकलं. काकांनी त्याची नाडी बघितली, बराच वेळ. जीभ बघितली. मग डबीतून सुई काढली.

मुलगा दोन पावलं मागे सरकला. "नो, नो. थँक यू, सर," तो म्हणाला. त्याचं बाकीचं इंग्रजी सावकाश आणि नम्र होतं. त्याची आजी हे करायची. लहानपणी तिच्या हातात सुई दिसली की तो पलंगाखाली लपायचा. तो स्वतः इंजिनिअर आहे. त्याला, असेलच तर, दुखणं थांबवायची एक गोळी हवी होती.

सभागृह हसलं. वाईट मनाने नाही, तासभर बसून दमलेली माणसं हसतात तसं. काका सुई धरून उभे. तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी, बहुधा तोच न्यू जर्सीच्या पित्ताशयाचा मुलगा, ओरडला, "सर, मॅडमवर दाखवा ना! मॅडम घेत असतीलच."

सगळे पहिल्या रांगेकडे बघू लागले. एचआरच्या बाईने उत्साहाने काकूंच्या तोंडापुढे माइक धरला. "मॅम, सरांकडून तुम्ही किती वर्षं ट्रीटमेंट घेताय?"

काकूंनी माइककडे बघितलं, मग काकांकडे. कोणत्याही बाईने अशा वेळी हसून काहीतरी म्हटलं असतं. पण काकूंनी वर्गात कधी 'साधारण' असं उत्तर चालवून घेतलं नव्हतं.

"मी कधीच घेतलेली नाही," त्या म्हणाल्या. माइक चांगला होता.

परतीच्या गाडीत नकाशाची नळी काकांनी मांडीवर आडवी धरली होती. दुसऱ्या दिवसापासून दवाखाना उघडला नाही. कोणी आलं तर काका आतूनच सांगत, "बंद आहे." लहान आतड्याची वेळ आता दिवसभर चालू झाली होती. काकू नेहमीसारख्या बोलत होत्या, पण उत्तर येत नव्हतं. म्हणी बंद झाल्या. चहात दूध आलं. मला खरं तर समाधान वाटायला हवं होतं, कारण माझं मत पहिल्यापासून हेच होतं. पण वादात समोरचा माणूस उठूनच गेला की जिंकल्यासारखं वाटत नाही. नुसतं रिकाम्या खुर्चीशी बोलत बसल्यासारखं वाटतं.

असा महिना गेला असेल. एका सकाळी माझ्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून मी खाली विचारायला गेलो. एरवी काकांनी मला धरणापासून मोरीपर्यंत सगळी लाइन ऐकवली असती. त्या दिवशी म्हणाले, "माहीत नाही." पाण्याबद्दल हा माणूस 'माहीत नाही' म्हणाला! मी निघणार तोच काकू हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, माझा उजवा खांदा दुखतोय."

"बाम लावा," काका वर्तमानपत्रातून म्हणाले.

"लावून झाला. सुया कुठे ठेवल्यात?"

वर्तमानपत्र खाली आलं. तोवर काकू त्या उतरत्या बोर्डावर, पदर सावरून, जाऊन बसल्याही.

काका उठले. हात धुतले. डावं मनगट, उजवं मनगट, तीन तीन बोटं, हलकं, मग दाबून. मी इतका वेळ नाडी बघणारा माणूस त्यापूर्वी बघितला नव्हता. मग घसा साफ करून म्हणाले, "जीभ."

आयुष्यभर मुलींना जीभ आवरायला शिकवलेल्या काकूंनी भाडेकरूसमोर जीभ बाहेर काढली.

"वारा शिरलाय," काका पुटपुटले. मग डाव्या पायाच्या नडगीवर बोटांनी मोजमाप करून सुई टोचली. सुई फिरवली.

"आली का?"

काकूंनी सुईकडे बघितलं. मला वाटलं, आता पुन्हा तो माइकचा क्षण.

"काहीतरी आलं," काकू म्हणाल्या.

"जड वाटतंय?"

"वाटतंय."

"हात वर करा."

काकूंनी उजवा हात सरळ वर नेला, लोणच्याची फळी असते तितक्या उंच. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माझी सगळी पुस्तकं, तो सुया बंद करणारा सम्राट आणि अख्खी हिंजवडी निकालात निघाली होती. "पाणी येईल तुमच्याकडे," ते म्हणाले. "दुरुस्तीला लाइन बंद केली असणार. घाई करणाऱ्याचा हंडा फुटका असतो, अशी चिनी म्हण आहे."

काकूंनी म्हण तशीच जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी नकाशा भिंतीवर गेला, माणसं येऊ लागली. आता कोणी विचारलं, "काकूंना टोचता का?" तर काका उत्तर देत नसत. नुसता आतल्या दिशेला हात करत आणि वाट बघत. आतून आवाज येई, "टोचतात."

मी मात्र अस्वस्थ होतो. एका खांद्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला काकूंनीच शिकवलेलं. तीन-चार दिवसांनी त्या जिन्यात भेटल्या. जरा लंगडत होत्या. मी म्हणालो, "काकू, खरं सांगा. खांदा सुईने बरा झाला?"

"खांद्याला काय झालं होतं?" काकू म्हणाल्या.

"तुम्हीच तर म्हणालात, खांदा दुखतोय," मी म्हणालो.

"महिनाभर दुखत होतं ते त्यांना," काकू म्हणाल्या. "पण दुखतं तिथे टोचायचं नसतं ना?"

त्या दोन पायऱ्या उतरल्या, कठडा धरून थांबल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "नडगी मात्र खरंच दुखतेय. औषधाच्या दुकानाकडे गेलात तर एक मलम आणा. आणि पिशवीतून आणा हो. ते दारातच बसलेले असतात."